पाळीचा कप : एका साध्या उपकरणाचा लांबलेला प्रवास

घंटेच्या आकाराचा, चार-पाच सेंटिमीटर लांबीचा एक लवचीक पेला. त्यात यंत्र नाही, वीज नाही, कोणतेही औषध नाही. मासिक पाळीच्या दिवसांत तो योनिमार्गात बसवायचा, काही तासांनी काढून त्यात साठलेला स्राव ओतायचा, पेला धुवायचा आणि पुन्हा बसवायचा. पाळी संपली की उकळून, कोरडा करून पुढच्या महिन्यासाठी ठेवून द्यायचा. एक पेला अनेक वर्षे टिकतो. इंग्रजीत याला 'मेन्स्ट्रुअल कप' म्हणतात. या लेखात आपण त्याला 'पाळीचा कप' म्हणू.

हे उपकरण नवे आहे असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात आजच्या कपाशी बऱ्याच अंशी मिळताजुळता असा कप 1937 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवून बाजारात आला होता. म्हणजे तो टॅम्पॉनचा समकालीन आहे. तरीही टॅम्पॉन आणि पॅड जगभर पसरले आणि कप मात्र जवळजवळ साठ-सत्तर वर्षे विस्मृतीत राहिला. एखादी कल्पना चांगली असूनही मागे का पडते, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे. कपाच्या बाबतीत त्याचे उत्तर तीन ठिकाणी सापडते: ज्या पदार्थाचा तो बनवायचा त्यात, ज्या बाजारात तो विकायचा त्यात आणि ज्या शब्दांत त्याची माहिती द्यायची त्यात. यांपैकी तिसरी अडचण अजून पुरती दूर झालेली नाही आणि तिचा थेट संबंध आपल्या शाळांशी आहे.

कप काम कसे करतो?

इतिहासाकडे वळण्यापूर्वी उपकरणाची रचना समजून घेऊ. पॅड आणि टॅम्पॉन हे स्राव शोषून घेतात. कप शोषत नाही, नुसता साठवतो. दुमडून आत सरकवला की तो स्वतःच्या लवचीकपणामुळे उघडतो आणि त्याची कड योनिमार्गाच्या भिंतींना सर्व बाजूंनी टेकते. आजूबाजूच्या स्नायूंचा आधार आणि थोडीशी निर्वात पकड यांमुळे तो जागेवर राहतो. कडेखाली बारीक छिद्रे असतात. काढताना त्यांतून हवा आत जाते आणि पकड सुटते.

'आत हरवला तर?' ही भीती सर्वांत आधी बोलून दाखवली जाते. योनिमार्ग ही वरच्या टोकाला गर्भाशयमुखाने बंद झालेली नळी आहे. गर्भाशयमुखाचे छिद्र अगदी बारीक असते. त्यातून स्राव खाली येऊ शकतो, पण कप वर जाऊ शकत नाही. तो फार तर थोडा वर सरकतो आणि उकिडवे बसून हलकासा जोर केला की हाताला लागतो.

दुसरा प्रश्न मापाचा. पाळीत 'भांडेभर' रक्त जाते असे अनेक मुलींना वाटते. स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे हालबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1966 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वापरलेले पॅड व टॅम्पॉन गोळा करून, त्यांतील रक्ताचा रंगद्रव्यकण अल्कलीच्या द्रावणात उतरवून, रंगाच्या गडदपणावरून रक्ताचे प्रमाण मोजले होते. एका पाळीत सरासरी 30 ते 40 मि.लि. रक्त जाते, म्हणजे स्वयंपाकघरातले जेमतेम तीन मोठे चमचे. 80 मि.लि.पेक्षा जास्त रक्तस्राव नेहमी होत असेल तर तो अतिस्राव समजावा, ही मर्यादाही अशाच मोजमापांतून आली. स्रावात रक्ताबरोबर श्लेष्मा आणि गर्भाशयाच्या अस्तराचे तुकडेही असतात, त्यामुळे एकूण द्रव याहून थोडा अधिक भरतो. कपाची धारणक्षमता साधारण 20 ते 30 मि.लि. असते आणि अनेक कपांवर मापाच्या रेघाही असतात. गॉथेनबर्गमध्ये ज्यासाठी प्रयोगशाळा लागली, त्याचा ढोबळ अंदाज आता कोणतीही स्त्री घरी घेऊ शकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) भारतातील 15 ते 49 वयोगटातल्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. अशा देशात ही गोष्ट किरकोळ नाही.

रबराने दिले, रबराने नेले

स्राव शोषण्याऐवजी साठवावा ही कल्पना एकोणिसाव्या शतकातली. 1867 मध्ये अमेरिकेत अशा एका पिशवीचे पेटंट दिले गेले. ही पिशवी तारेने कमरेच्या पट्ट्याला जोडलेली होती. चालता-फिरता ती वापरणे किती अवघड गेले असते याची कल्पना करता येते. आत ठेवता येईल असा, मऊ पण आकार न सोडणारा पदार्थ हाती नसल्याने पट्टा आणि तार यांचा आधार घ्यावा लागला होता.

तो पदार्थ खरे तर तयार झालेला होता. झाडाच्या चिकापासून मिळणारे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि हिवाळ्यात कडक होते. 1839 मध्ये चार्ल्स गुडइयर यांना रबर गंधकाबरोबर तापवल्यास हा दोष जातो असे आढळले. रबराच्या लांब रेणूंमध्ये गंधकाचे पूल बांधले जातात, त्यामुळे ताणले तरी ते मूळ आकारात परत येते. या 'व्हल्कनाइज्ड' रबरामुळे शरीराच्या आत वापरायची साधने शक्य झाली. 1882 मध्ये जर्मन डॉक्टर मेन्सिंगा यांनी संततिनियमनासाठी वर्णन केलेली रबरी टोपी, म्हणजेच डायफ्रॅम, हे त्यांतले एक. पाळीचा कप हा या कुटुंबातला धाकटा सदस्य म्हणता येईल.

1930 नंतरच्या दशकात अमेरिकेत या कल्पनेची अनेक पेटंटे निघाली. त्यांपैकी व्यवहारात उतरला तो लिओना चामर्स यांचा कप. त्या पेशाने अभिनेत्री होत्या. 1937 मध्ये त्यांना लेटेक्स रबराच्या कपाचे पेटंट मिळाले. त्याच वर्षी त्यांनी स्त्रियांच्या शरीरधर्माविषयी एक पुस्तकही प्रसिद्ध केले. उपकरण विकायचे तर आधी शरीराची ओळख करून द्यावी लागेल, हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्याच्या चारच वर्षे आधी, 1933 मध्ये, डॉ. अर्ल हास यांना नळीच्या साह्याने बसवायच्या टॅम्पॉनचे पेटंट मिळाले होते आणि तो 'टॅम्पॅक्स' या नावाने बाजारात आला होता. दोन्ही साधने जवळजवळ एकाच वेळी शर्यतीला उभी राहिली.

शर्यतीचा निकाल युद्धाने बदलला. फेब्रुवारी 1942 मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेले. मलाया आणि त्याच्या आसपासचा प्रदेश ही जगाची रबराची मुख्य बाग होती. अमेरिकेला मिळणारे बहुतेक नैसर्गिक रबर तिथून येई. ते बंद होताच उरलेले रबर विमाने आणि लष्करी गाड्यांच्या टायरांकडे वळवण्यात आले. चामर्स यांच्या कपाचे उत्पादन थांबले. टॅम्पॉनला मात्र कापूस लागे आणि तो अमेरिकेत पिकत होता. युद्धाच्या वर्षांत मोठ्या संख्येने स्त्रिया कारखान्यांत काम करू लागल्या, त्यांच्या गरजेला टॅम्पॉन आणि पॅड हजर होते, कप नव्हता.

न उच्चारता येणारा शब्द

युद्धानंतर चामर्स यांनी सुधारित कप तयार केला आणि 1950 च्या दशकाच्या अखेरीस एका कंपनीने तो 'टॅसेट' या नावाने बाजारात आणला. जाहिरातीवर खर्च झाला, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर भला मोठा फलक लागला, परिचारिकांमार्फत प्रचार झाला. पण वस्तू कशासाठी आहे आणि ती कुठे ठेवायची, हे सभ्य समजल्या जाणाऱ्या शब्दांत सांगता येत नव्हते. पॅडच्या जाहिरातीला 'कशासाठी' हे न सांगताही चालते, कारण पॅड कसे वापरायचे ते पाहताच कळते. कपाचे तसे नाही. दुमडायचा कसा, कोणत्या दिशेने सरकवायचा, उघडला की नाही ते कसे ओळखायचे हे शब्दांत सांगावे लागते, आणि नेमक्या त्या शब्दांवर अघोषित बंदी होती. 1963 पर्यंत टॅसेटचा व्यवसाय आटोपला.

हा संकोच केवळ अमेरिकेचा नव्हता. आपल्याकडे र. धों. कर्वे यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले आणि 1927 पासून अखेरपर्यंत, म्हणजे 1953 पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीराविषयी आडपडदा न ठेवता मराठीत लिहिले. त्याबद्दल त्यांना अश्लीलतेच्या खटल्यांना तोंड द्यावे लागले. 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. मराठीत पाळीला 'कावळा शिवणे', 'अडचण', 'बाहेरची होणे', 'बाजूला बसणे' असे कितीतरी शब्द आहेत. ते सारे पाळी आली एवढेच सुचवतात. शरीरात काय घडते आणि कुठे घडते हे त्यांतल्या एकातूनही कळत नाही.

एकदाच विकली जाणारी वस्तू

तिसरी अडचण अर्थशास्त्राची. पहिल्या महायुद्धात जखमांवर बांधण्यासाठी लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला शोषक पदार्थ अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तयार झाला. युद्ध संपल्यावर साठा शिल्लक राहिला, आणि लष्करी परिचारिका तो पाळीसाठी वापरत असल्याचे लक्षात आल्यावर 1920 मध्ये त्यातून 'कोटेक्स' हे पॅड आले. या धंद्याचे बळ फेकून देण्यात आहे. गिऱ्हाईक दर महिन्याला परत येते. समजा एक स्त्री दर पाळीला 15 पॅड वापरते आणि वर्षात तिला 12 ते 13 वेळा पाळी येते, तर दहा वर्षांत सुमारे 1,900 पॅड लागतात. याच काळात कप लागतो एखाद-दुसरा. वापरणारीच्या दृष्टीने ही बचत, पण विकणाऱ्याच्या आणि जाहिरातीवर पैसा लावणाऱ्याच्या दृष्टीने हा तोटा.

म्हणूनच 1970 च्या सुमारास अमेरिकेत 'टॅसवे' नावाचा कप आला तो वापरून फेकून देण्याजोगा. कपाचा मुख्य गुण काढून टाकून त्याला बाजाराच्या साच्यात बसवण्याचा हा प्रयत्न काही वर्षांतच संपला. पुन्हा वापरण्याजोगा कप परत आला तो 1987 मध्ये, 'द कीपर' या नावाने, अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातून. तो एका लहान उद्योगाचा होता आणि लेटेक्स रबराचाच होता.

1980 चा धडा

दरम्यान एक गंभीर घटना घडली होती. कपाच्या निगेचे आजचे नियम समजण्यासाठी ती माहीत असायला हवी.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू अनेक निरोगी माणसांच्या नाकात आणि त्वचेवर असतो. त्याचे काही प्रकार एक विष तयार करतात. ते रक्तात शिरले आणि शरीरात त्याविरुद्ध प्रतिपिंडे नसली तर अचानक जोराचा ताप, उलट्या-जुलाब, उन्हाने भाजल्यासारखे पुरळ आणि रक्तदाबाची घसरण होते. जेम्स टॉड आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये मुलांमधील अशा आजाराचे वर्णन करून त्याला 'टॉक्सिक शॉक सिंड्रोम' हे नाव दिले. दोनच वर्षांनी, 1980 मध्ये, अमेरिकेत पाळीच्या काळात स्त्रियांना हा आजार होत असल्याचे दिसू लागले. त्या एका वर्षात पाळीशी संबंधित 813 रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतल्या 38 जणी दगावल्या. फार मोठ्या शोषणक्षमतेचे टॅम्पॉन दीर्घकाळ आत ठेवण्याशी या आजाराचा संबंध आढळला. 'रिलाय' या नावाचा असा एक टॅम्पॉन सप्टेंबर 1980 मध्ये बाजारातून मागे घेतला गेला.

कप शोषत नाही म्हणून तो या आजारापासून पूर्णपणे सुरक्षित आहे असे पुढे बरीच वर्षे समजले जाई. पण 2015 मध्ये कॅनडातील डॉक्टरांनी कप वापरणाऱ्या एका स्त्रीला हा आजार झाल्याचे नोंदवले. 2018 मध्ये फ्रान्समधील लिऑन येथील संशोधकांनी प्रयोगशाळेत दाखवले की कपाबरोबर हवा आत जाते, आणि या जिवाणूला वाढण्यास व विष बनवण्यास ऑक्सिजन उपकारक ठरतो. शिवाय जिवाणू कपाच्या पृष्ठभागावर चिकट थर धरून राहतात आणि तो थर नुसत्या धुण्याने पुरता जात नाही. कप उकळावा, असा सल्ला त्यांनी दिला. 2019 मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ' या नियतकालिकात 43 अभ्यासांचा आणि 3,319 स्त्रिया व मुलींचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जगभरात नोंदलेले या आजाराचे पाच रुग्ण आढळले. गळतीच्या बाबतीत कप इतर साधनांइतकाच किंवा अधिक चांगला ठरला आणि ज्या अभ्यासांत विचारणा झाली होती त्यांत सुमारे 70 टक्के जणींनी तो पुढेही वापरण्याची तयारी दाखवली. थोडक्यात, धोका फार विरळ आहे पण शून्य नाही, आणि तो कमी करणे वापरणारीच्या हातात आहे.

रबराकडून सिलिकॉनकडे

आजचे बहुतेक कप सिलिकॉनचे असतात. रबराच्या रेणूचा कणा कार्बनचा असतो आणि त्यात दुहेरी बंध असतात. हवेतील ऑक्सिजन व ओझोन त्यांवर हल्ला करतात, म्हणून जुने रबर तडकते. शिवाय लेटेक्समधील प्रथिनांची काहींना ॲलर्जी असते. सिलिकॉनचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन या अणूंचा एकाआड एक असा बनलेला असतो. तो उष्णतेला दाद देत नाही, त्यामुळे उकळत्या पाण्याने त्याचे काही बिघडत नाही. या संयुगांचा पाया विसाव्या शतकाच्या आरंभी नॉटिंगहॅमच्या फ्रेडरिक किपिंग यांनी घातला आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. ज्या युद्धाने रबरी कप बंद पाडला, त्याच युद्धाने त्याच्या वारसदाराला चालना दिली असे म्हणायला हरकत नाही. 2002 मध्ये ब्रिटनमध्ये 'मूनकप' हा सिलिकॉनचा कप आला आणि तेव्हापासून कपाचा खरा प्रसार सुरू झाला.

वापर आणि निगा : नियम आणि त्यांची कारणे

कपाच्या वेष्टनातील सूचना पाठ करण्यापेक्षा त्यांची कारणे कळली तर त्या लक्षात राहतात आणि पाळल्याही जातात.

हात आधी धुवावेत, कारण जिवाणू बहुधा बोटांवरूनच आत जातात. साबणाने धुतलेल्या हातांनी कपाची कड चपटी करून मधोमध दुमडावी, म्हणजे ती घोड्याच्या नालेसारखी दिसते. उकिडवे बसून किंवा एक पाय उंचावर ठेवून कप माकडहाडाच्या दिशेने सरकवावा, सरळ वर नाही. योनिमार्गाचा कल तसा असतो. सोडल्यावर बुडाभोवती बोट फिरवून तो पूर्ण उघडला आहे ना हे पाहावे. घडी राहिली तर गळती होते. पहिल्या दोन-तीन पाळ्यांत हे नीट जमत नाही, असा बहुतेकींचा अनुभव असतो. या सरावाच्या काळात जोडीला कापड किंवा पॅड ठेवावे.

कप किती वेळ ठेवावा? कपाच्या माहितीपत्रकांत बहुधा 8 ते 12 तासांची मर्यादा असते. 1980 चा अनुभव लक्षात घेता आठ तासांच्या आसपास रिकामा करण्याची सवय चांगली. स्राव कमी असला तरी हा नियम लागू आहे, कारण प्रश्न कप भरण्याचा नसून जिवाणूंना मिळणाऱ्या वेळेचा आहे. काढताना नुसता देठ ओढू नये. बुडाला चिमटीत धरून दाबावे, हवा आत जाऊन पकड सुटू द्यावी आणि मग कप खाली घ्यावा. ओतल्यावर पिण्याच्या पाण्याने व साध्या, वास नसलेल्या साबणाने धुवावा आणि साबण पूर्ण निघेल असे पाहावे. बाहेर पाण्याची सोय नसेल तर स्वच्छ कागदाने पुसून बसवावा आणि घरी गेल्यावर धुवावा.

पाळी सुरू होताना आणि संपल्यावर कप वेगळ्या भांड्यात, भरपूर पाण्यात, पाचेक मिनिटे उकळावा. सूचनेत वेळ वेगळी दिली असेल तर ती पाळावी. पाणी आटून कप तळाला लागला तर तो करपतो. स्टीलच्या गाळणीत ठेवल्यास हा धोका टळतो. उकळल्यावर कोरडा करून सुती पिशवीत ठेवावा. हवाबंद डबीत ओल टिकते आणि ओलीत जिवाणू वाढतात. जंतुनाशक द्रव, ब्लीचिंग पावडर किंवा तेल लावू नये, कारण त्यांनी कपाचा पृष्ठभाग खराब होतो आणि योनिमार्गाची आग होऊ शकते. कपावर पडलेला डाग अपायकारक नसतो. पण कप चिकट झाला, चिरला किंवा त्याचा आकार बिघडला तर तो बदलावा. एकीचा कप दुसरीने वापरू नये.

तांबी बसवलेल्या, नुकत्याच बाळंत झालेल्या, अंग बाहेर येण्याचा त्रास असलेल्या किंवा योनिमार्गाचा संसर्ग झालेल्या स्त्रियांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तांबीच्या बाबतीत कपाच्या ओढीने ती सरकण्याची शक्यता असते. कप वापरताना अचानक ताप, उलट्या, चक्कर किंवा पुरळ आल्यास कप लगेच काढावा, रुग्णालयात जावे आणि कप वापरत होतो हे डॉक्टरांना सांगावे. ही शेवटची गोष्ट संकोचामुळे सांगितली जात नाही, आणि तिच्यावर निदान अवलंबून असते.

मुलींच्या आणि त्यांच्या आयांच्या मनात आणखी एक प्रश्न असतो, बहुधा न विचारलेला: कौमार्याचा. कपामुळे योनिपटल ताणले जाऊ शकते. पण योनिपटलाचा आकार प्रत्येकीत जन्मतःच वेगळा असतो आणि त्यावरून लैंगिक संबंध आला की नाही हे ठरवता येत नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या इतर संस्थांनी 2018 मध्ये 'कौमार्य चाचणी'ला शास्त्रीय आधार नसल्याचे सांगून ती बंद करण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी महाराष्ट्रात कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनी आपल्याच जातीतील या प्रथेविरुद्ध उघड मोहीम उभारली होती. शरीरशास्त्राचे हे एक वाक्य वर्गात स्पष्टपणे सांगितले गेले तर त्याचा उपयोग कपापुरता राहणार नाही.

नेपाळ आणि केरळ

कप वाटला की मुली शाळेत येऊ लागतील, असे अनेकांना वाटते. हे तपासण्यासाठी एमिली ऑस्टर आणि रिबेका थॉर्नटन या अर्थशास्त्रज्ञांनी नेपाळमधील चितवन येथे चार शाळांतील 198 मुलींचा अभ्यास केला आणि तो 2011 मध्ये प्रसिद्ध केला. चिठ्ठ्या टाकून काही मुलींना कप दिले, काहींना दिले नाहीत. निष्कर्ष अनपेक्षित होता. 180 दिवसांच्या शालेय वर्षात पाळीमुळे मुली सरासरी अर्ध्या दिवसापेक्षाही कमी गैरहजर राहत होत्या, त्यामुळे कपाने हजेरीत लक्षणीय फरक पडला नाही. एका ठिकाणचा निष्कर्ष सगळीकडे लागू होत नाही, हे खरे. पण आपल्याला पटलेली गोष्टही मोजून पाहावी लागते, हा धडा कायमचा आहे. कपाचा उपयोग हजेरीत दिसला नाही, तरी कपडे धुण्यातला मुलींचा वेळ वाचला.

याच अभ्यासातून दुसरी एक गोष्ट पुढे आली, आणि शिक्षकांसाठी ती अधिक मोलाची आहे. ज्या मुलींच्या मैत्रिणींनाही कप मिळाला होता, त्यांना तो लवकर जमला. मैत्रिणींमुळे कप वापरण्याची इच्छा वाढली असे दिसले नाही. तो वापरायचा कसा, हे ज्ञान मैत्रिणींकडून मिळत होते.

केरळात 2018 च्या महापुरात निवारा शिबिरांतील वापरलेल्या पॅडची विल्हेवाट ही मोठी समस्या झाली. त्यानंतर 2019 मध्ये आलप्पुळा नगरपालिकेच्या क्षेत्रात एचएलएल लाइफकेअर या सरकारी कंपनीने 'तिंगळ' (मल्याळममध्ये चंद्र) या योजनेखाली 5,000 कप वाटले. वाटपाबरोबर प्रशिक्षणही होते. 2022 मध्ये एर्नाकुलम जिल्ह्यातील कुंबळंगी गावातही अशीच मोहीम झाली. कचऱ्याचा हा प्रश्न आपल्याही परिचयाचा आहे. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतील महिलांनी 2013 मध्ये वापरलेले पॅड उत्पादकांकडे परत पाठवून, हे हातांनी वेगळे करणारी माणसे आहेत याकडे लक्ष वेधले होते.

अर्थात कप हा एकमेव योग्य उपाय नव्हे. त्याला धुण्यापुरते स्वच्छ पाणी, उकळण्यापुरते इंधन, कडी लागणारे स्वच्छतागृह आणि आपल्या शरीराला हात लावण्याची मनाची तयारी लागते. हे नसेल तर स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवलेले सुती कापड किंवा पॅड ही साधनेही चांगलीच आहेत. कापड अंधाऱ्या कोपऱ्यात, दुसऱ्या कपड्यांखाली लपवून वाळवावे लागते, तेव्हा दोष कापडाचा नसतो. निवड मुलीची असावी आणि निवडण्याइतकी माहिती तिला असावी, एवढेच म्हणणे आहे.

शाळेत काय करता येईल?

वर उल्लेखिलेल्या 2019 च्या आढाव्यात संशोधकांनी वयात येण्याविषयी शैक्षणिक माहिती देणारी 69 संकेतस्थळे तपासली. त्यांतल्या फक्त 30 टक्के ठिकाणी कपाचा उल्लेख होता. रबराची टंचाई केव्हाच संपली, कप विकणारे उद्योगही आता अनेक आहेत. शिल्लक राहिली आहे ती सांगण्यातली अडचण.

तिच्यावर शाळेला खर्चाविना काही करता येईल. मोजपात्रात 40 मि.लि. लाल रंगाचे पाणी घेऊन ते सर्वांना दाखवावे. पाळीत किती रक्त जाते याबद्दलची भीती एका मिनिटात ओसरते. प्रजननसंस्थेची आकृती काढताना गर्भाशयमुख वेगळे दाखवून नाव घालावे आणि मूत्रमार्ग व योनिमार्ग ही दोन वेगळी छिद्रे आहेत हे सांगावे. हे अनेक प्रौढांनाही ठाऊक नसते. कापूस, पॅडचा एक तुकडा आणि सिलिकॉनची एखादी वस्तू पाण्यात बुडवून शोषणे आणि साठवणे यांतला फरक दाखवावा. वरच्या वर्गांत 1,900 पॅडचे गणित मुलांकडून करवून घ्यावे आणि त्या कचऱ्याचे पुढे काय होते याची चौकशी त्यांना आपल्याच गावात करू द्यावी. हे सारे मुलगे आणि मुली एकत्र बसलेल्या वर्गातही करता येते, आणि शिकवणारे शिक्षक पुरुष असले तरी करता येते. प्रत्यक्ष वापराच्या शंकांसाठी मुलींना शिक्षिका किंवा आरोग्यसेविका यांच्याबरोबर वेगळा तास द्यावा, आणि ज्यांना कप नीट जमला आहे अशा मोठ्या मुलींना, त्यांची इच्छा असेल तर, धाकट्यांशी बोलू द्यावे. चितवनच्या मुली नेमक्या याच मार्गाने शिकल्या होत्या.